समोरच्यांचे पाय बघणं सोडा

प्रिय मैत्रीण,

वयाच्या 42व्या वर्षी हौसेनं नाचाच्या क्लासला नाव घातलंत. तीन महिने झाले तरी सगळ्यांपेक्षा एक पाऊल मागे पडता, म्हणून शेवटच्या रांगेत उभ्या राहता. परवा वर्गातली एक मुलगी हसली आणि तेव्हापासून जावंसंच वाटत नाही. "माझ्या अंगातच ताल नसेल का हो?" असं विचारलंय तुम्ही.

आहे की. गाणं लागलं की टेबलावर बोटांनी ठेका धरता, हे तुम्हीच लिहिलंय. ठेका मुळातच न समजणारी माणसं फार थोडी, आणि त्यांना टाळीसुद्धा तालात वाजवता येत नाही.

माझं लक्ष अडलं ते "समोरच्यांचे पाय बघून करते" या वाक्यावर. तिचं पाऊल पडणार, ते तुम्हाला दिसणार, मग तुमचा पाय उचलणार, उशीर होणारच. शिवाय सगळे वळले की तुमची शेवटची रांग पहिली होते आणि बघायला पुढे कुणी उरत नाही. दुसऱ्या रांगेत, मधोमध उभ्या राहा.

आता पायांचं. पाऊल टाकलं तरी अंगाचा भार त्या पायावर पुरता गेलेला नसतो, अर्धा मागेच रेंगाळतो. मग पुढचा पाय कुठला, डावा की उजवा, तेच कळेनासं होतं. तुम्ही साल्सा शिकताय ना? त्यात आठ काउंट, पण पावलं सहाच: एक-दोन-तीन, पाच-सहा-सात. चार आणि आठला नवं पाऊल टाकायचं नसतं, आणि नवी माणसं हमखास तिथेच घाईनं पुढे निघतात. घरी गाणं न लावता, मोठ्यानं मोजत, अगदी सावकाश करून बघा. प्रत्येक पावलाला दुसरा पाय इतका हलका झाला पाहिजे की हवा तेव्हा अलगद उचलता यावा. गुडघे सैल ठेवा. मोठ्यानं मोजायचं कारण असं की लक्ष देताना आपण नकळत श्वास कोंडून धरतो आणि खांदे आखडतात. बोलताना श्वास कोंडता येत नाही. हातांचं नंतर बघू.

हे रोज दहा मिनिटं करा. रविवारी एकदम दोन तास घाम गाळण्यापेक्षा ते जास्त मुरतं, कारण झोपेतही मेंदू शिकलेली हालचाल पक्की करत असतो. आज अडलेली स्टेप उद्या सकाळी थोडी सुटलेली वाटली तर नवल मानू नका. आणि बहुतेकदा स्टेप येत असते, चुकतो तो दोन स्टेप्समधला जोड. पहिलीचे शेवटचे दोन काउंट आणि दुसरीचे पहिले दोन, एवढाच तुकडा घोटा.

त्या हसण्याचं दुःख मला कळतं. "दुर्लक्ष करा" असं मी म्हणणार नाही, ते जमत नसतं. मात्र शिकवणाऱ्यांना क्लास सुटल्यावर गाठून सांगा, "ही स्टेप मला सावकाश दाखवा." चांगला शिक्षक आनंदानं दाखवेल. त्यांनीही हसण्यावारी नेलं, तर क्लास बदला. नाच सोडू नका.

महिन्याभरानं मला लिहा. चारला थांबता येतं का, ते कळवा.

तुमची,
ताई