काजरा, कुचला आणि स्ट्रिक्नीन : हे शब्द समानार्थी आहेत का?

विचारणा अशी आहे : एका बातमीत ‘कुचल्याचे विष पोटात गेल्याने’ असा उल्लेख होता, त्याच घटनेच्या दुसऱ्या वृत्तात ‘स्ट्रिक्नीन’ हा शब्द आला, आणि कोशात ‘कुचला’ पाहिल्यावर पुढे ‘काजरा’ असा अर्थ मिळाला. हे तिन्ही शब्द एकमेकांच्या जागी वापरता येतात का, घरातील वडीलधारी मंडळी ज्याला बचनाग म्हणतात ते हेच का, आणि मराठीत लिहिताना कोणता शब्द निवडावा?

हे शब्द समानार्थी नाहीत. काजरा हे झाड आहे. कुचला म्हणजे त्या झाडाची बी, विशेषतः औषधी द्रव्य म्हणून काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारी. स्ट्रिक्नीन हे त्या बीमध्ये असणाऱ्या अनेक रासायनिक द्रव्यांपैकी एक, आणि त्यांतील सर्वांत घातक. बोलण्यात झाडालाही कुचला म्हटले जाते आणि त्यात काही वावगे नाही. चिंचेचे झाड आणि त्याचे फळ यांना आपण एकाच नावाने ओळखतोच. परंतु विषबाधेविषयी लिहिताना हा सैलपणा परवडत नाही, कारण झाड, बी, औषध आणि शुद्ध रसायन यांची घातकता एकसारखी नसते.

काजरा कोकणात, गोव्यात आणि दक्षिणेच्या पानझडी जंगलांत आढळतो. त्याच्या पानांवर देठापासून निघणाऱ्या तीन ते पाच ठळक शिरा असतात, आणि पिकल्यावर नारिंगी होणारी गोल, टणक सालीची फळे झाडावर उठून दिसतात. आतल्या गरात गुंडीसारख्या चपट्या, करड्या, रेशमी लव असलेल्या बिया असतात. धनेश पक्षी ही फळे खातो. विषाचा मुख्य साठा गरात नसून बियांत असतो, आणि बीचे कवच फार कठीण असते. याच कारणाने अखंड गिळलेली बी कधी कधी काही न करता बाहेर पडते, तर दळलेली किंवा चावलेली बी जीव घेऊ शकते. अखंड बी निर्धोक असते असा अर्थ यातून कोणीही काढू नये.

गोव्यात याच झाडाला काजरो म्हणतात, कन्नडमध्ये कासरक आणि मलयाळममध्ये कांजिरम. पश्चिम किनाऱ्यावरची ही नावे शेजारी शेजारी ठेवली की त्यांच्यातील साम्य लक्षात येते. संस्कृतात या झाडाला कारस्कर, विषमुष्टी, विषतिंदुक आणि कुपीलू अशी नावे आहेत. यांपैकी ‘कारस्कर’ फार जुने आहे : पाणिनीने मधल्या सकाराचे स्पष्टीकरण देण्यासाठी ‘कारस्करो वृक्षः’ असे स्वतंत्र सूत्रच केले आहे. तेलुगूतील ‘मुष्टि’ हे नाव ‘विषमुष्टी’तील ‘विष’ गळून उरलेले दिसते, आणि इतक्या घातक बीच्या नावातून नेमका तोच अवयव गळावा हे मला विलक्षण वाटते. ‘कुचला’ मात्र मराठीत हिंदीकडून आला आहे. हिंदीतील ‘कुचलना’, म्हणजे चिरडणे, या क्रियापदाचे भूतकाळी रूपही ‘कुचला’ असेच असल्याने ‘कुटून वापरतात म्हणून कुचला’ अशी उपपत्ती अधूनमधून ऐकू येते. नुसत्या उच्चारसाम्याखेरीज तिला आधार नाही.

वनस्पतिशास्त्रात या झाडाचे नाव स्ट्रिक्नॉस नक्स-व्हॉमिका आहे. ‘स्ट्रिक्नॉस’ हा शब्द प्राचीन ग्रीकांनी कांगुणीच्या, म्हणजे वांग्याच्या कुळातील वनस्पतींना योजला होता. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने तो या वेगळ्याच प्रजातीला, म्हणजे एकमेकींच्या जवळच्या अनेक जातींच्या गटाला दिला. ‘नक्स व्हॉमिका’चा सरळ अर्थ ‘ओकारी आणणारे कवचफळ’ असा होतो, पण वांती हे या विषाचे मुख्य लक्षण नव्हे. त्यामुळे जुन्या लेखनात कुठे ‘वांतिबीज’ असे शब्दशः भाषांतर दिसले तर ते स्वीकारू नये.

स्ट्रिक्नीन हे नाव १८१८ पासूनचे आहे. पॅरिसमध्ये पेलेतिये आणि काव्हाँतू या रसायनशास्त्रज्ञांनी ते प्रथम वेगळे केले, तेही काजऱ्यापासून नव्हे, तर त्याच प्रजातीच्या फिलिपीन्सकडील एका वेलीच्या बियांपासून. पुढच्याच वर्षी त्यांना ब्रूसीन हे दुसरे द्रव्य मिळाले. दोन्ही अल्कलॉइडे आहेत, म्हणजे वनस्पतीत तयार होणारी नायट्रोजनयुक्त आणि अल्कधर्मी संयुगे. कुचल्यात ही दोन्ही साधारण सारख्या प्रमाणात असतात, पण ब्रूसीनची विषारी शक्ती स्ट्रिक्नीनपेक्षा बरीच कमी असते. म्हणूनच ‘कुचल्याचे सत्त्व’ हा स्ट्रिक्नीनसाठी काटेकोर पर्याय ठरत नाही : सत्त्व म्हटल्यावर दोन्ही द्रव्ये आली. ‘कुचल्याचा अर्क’ तर त्याहून वेगळा. तो बियांपासून केलेला मद्यार्कातील द्राव असतो.

स्ट्रिक्नीनच्या एका रेणूत कार्बनचे २१, हायड्रोजनचे २२, नायट्रोजनचे २ आणि ऑक्सिजनचे २ अणू असतात, आणि ते एकमेकांत गुंतलेल्या सात वलयांत बांधलेले असतात. एवढ्याशा रेणूची ही गुंतागुंत उलगडायला सव्वाशेहून अधिक वर्षे लागली. रॉबर्ट रॉबिन्सन यांनी १९४६ मध्ये तिची योग्य मांडणी दिली, आणि १९५४ मध्ये रॉबर्ट वुडवर्ड यांनी प्रयोगशाळेत ते मुळापासून तयार करून दाखवले. शुद्ध स्ट्रिक्नीन रंगहीन, गंधहीन स्फटिकांच्या रूपात असते आणि कमालीचे कडू असते. दशलक्ष भाग पाण्यात एखादा भाग असला तरी कडूपणा जाणवतो. मृत शरीर सडले तरी ते बराच काळ टिकून राहते, आणि त्यामुळे न्यायवैद्यक तपासणीत उशिराही सापडू शकते.

आता लक्षणांच्या शब्दांकडे वळतो, कारण माझ्या मते विचारणेचा खरा गाभा तेथे आहे. बातम्यांत अशा रुग्णाला ‘फिट आली’ किंवा ‘आकडी येऊन तो बेशुद्ध पडला’ असे सर्रास लिहिले जाते. ‘आकडी’ आणि ‘फिट’ हे शब्द मराठी वाचकाच्या मनात अपस्माराशी जोडलेले आहेत, आणि अपस्माराच्या मोठ्या झटक्यात शुद्ध हरपते. स्ट्रिक्नीनच्या विषबाधेत बहुधा तसे होत नाही. ते मेंदूपेक्षा मुख्यतः मेरुरज्जूवर काम करते. स्नायूंना हालचालीचा आदेश देणाऱ्या चेतापेशींना आवरून धरण्याचे काम तेथे ग्लायसीन हे अमिनो आम्ल करते. स्ट्रिक्नीन ग्लायसीनची ग्राहक-स्थानेच अडवते, आणि हा लगाम सुटला की सर्व स्नायू एकदम आवळले जातात. विष पोटात गेल्यावर बहुधा १५ ते ३० मिनिटांत अस्वस्थता, मानेचा व जबड्याचा ताठरपणा आणि मग जोरदार झटके सुरू होतात. पाठ कमानीसारखी वाकते, चेहऱ्याचे स्नायू ओढले जाऊन ओठांवर हसल्याचा भास होतो. आवाज, प्रकाश किंवा हलका स्पर्शही नवा झटका आणतो. रुग्ण या सर्व काळात शुद्धीवर असतो आणि प्रत्येक वेदना त्याला कळत असते. छातीचे स्नायू आवळल्याने श्वास कोंडून मृत्यू येतो; सतत आवळल्या गेलेल्या स्नायूंची मोडतोड होऊन मूत्रपिंडेही निकामी होऊ शकतात. प्रौढ माणसालाही १०० मिलिग्रॅमपेक्षा कमी मात्रा प्राणघातक ठरू शकते. म्हणून ‘झटके’ किंवा ‘आचके’ हे शब्द योग्य, आणि रुग्ण शुद्धीवर होता हे स्पष्ट लिहावे.

हे वर्णन वाचून धनुर्वाताची आठवण होणे साहजिक आहे, आणि ती केवळ वरवरची नाही. धनुर्वाताच्या जंतूंचे विष ग्लायसीनसारखी आवर घालणारी द्रव्ये चेतापेशीतून सुटूच देत नाही. स्ट्रिक्नीन ती पोहोचण्याची जागा अडवते. परिणाम जवळजवळ सारखाच होतो. फरक असा की धनुर्वात जखमेनंतर काही दिवसांनी हळूहळू वाढतो आणि त्यात दोन झटक्यांच्या मधेही स्नायू ताठच राहतात, तर स्ट्रिक्नीनच्या बाधेत मधल्या काळात ते बहुधा सैलावतात. तरीही बातमीत ‘धनुर्वातासारखे झटके’ असे लिहावे, ‘धनुर्वात झाला’ असे लिहू नये. या विषावर खास उतारा नाही. रुग्णालयात झटके आवरणारी औषधे, गरज पडल्यास कृत्रिम श्वसन आणि शांत, अंधारी खोली यांनी उपचार होतात, आणि पहिला दिवस निभावला तर जगण्याची आशा पुष्कळ वाढते. घरी ओकारी काढण्याचा प्रयत्न केल्यास झटका येण्याचा धोका असतो, म्हणून वेळ न दवडता रुग्णालय गाठणे एवढेच घरच्यांच्या हाती असते.

बचनाग हे पूर्णतः निराळे विष आहे. संस्कृतात त्याला वत्सनाभ म्हणतात. ते हिमालयात वाढणाऱ्या एका वनस्पतीच्या कंदात असते. त्याने तोंडाला मुंग्या व बधिरपणा येतो आणि हृदयाचे ठोके बिघडतात. दोन्ही द्रव्ये आयुर्वेदात शोधन करून वापरली जातात, एवढाच त्यांचा सारखेपणा, आणि घरोघरी होणाऱ्या गल्लतीचे कारणही बहुधा तेच असावे.

शोधनावरून ‘शुद्ध कुचला’ या शब्दाविषयी. येथे ‘शुद्ध’ म्हणजे भेसळ नसलेला असे नाही, तर गोमूत्रात भिजवणे, दुधात उकळणे, साल काढणे, तुपात परतणे अशा संस्कारांनी विषारीपणा कमी केलेला. कमी केलेला, नाहीसा केलेला नव्हे. अग्नितुंडी वटी आणि विषतिंदुक वटी यांत असा कुचला असतो, आणि औषध व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या विषारी द्रव्यांच्या यादीत विषमुष्टीचा समावेश असल्याने अशी औषधे वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यावीत अशी सूचना वेष्टनावर द्यावी लागते. होमिओपॅथीतील ‘नक्स’ याच बियांपासून सुरू होते, पण ३० पोटेन्सीपर्यंतच्या विरलीकरणानंतर तीत मूळ द्रव्याचा एकही रेणू उरण्याची शक्यता जवळजवळ नसते. ‘नक्स’ आणि ‘कुचला’ हे शब्द एकाच वाक्यात पर्याय म्हणून वापरणे त्यामुळे धोक्याचे आहे.

आधुनिक वैद्यकानेही एके काळी स्ट्रिक्नीन शक्तिवर्धक मानले होते. १९०४ च्या सेंट लुईस ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन जिंकणाऱ्या टॉमस हिक्स यांना धावताना ते अंड्याच्या पांढऱ्यातून दिले गेले होते, आणि शर्यत संपताच ते कोसळले. आज हे द्रव्य खेळाडूंना निषिद्ध आहे. उंदीर आणि मोकाट कुत्री मारण्यासाठीही ते वापरले जाई. युरोपीय संघात कीटक-प्राणी नियंत्रणासाठी त्याचा वापर २००६ मध्ये थांबला, आणि भारतात २००१ च्या नियमांनी मोकाट कुत्र्यांसाठी निर्बीजीकरणाचा मार्ग ठरवून दिला.

एक नातेवाईक झाड सांगितलेच पाहिजे : निवळी, संस्कृतातील कतक. ते स्ट्रिक्नॉस याच प्रजातीचे आहे, पण त्याच्या बियांत स्ट्रिक्नीन नसते. ती उगाळून गढूळ पाण्यात टाकली की गाळ खाली बसतो. मनुस्मृतीत म्हटले आहे की कतकाचे फळ पाणी निवळणारे असले तरी नुसते त्याचे नाव घेतल्याने पाणी निवळत नाही. ‘स्ट्रिक्नॉस प्रजातीची सर्व झाडे विषारी’ हे विधान या एका झाडामुळेच चुकीचे ठरते.

राहिला लेखनाचा प्रश्न. मूळ ग्रीक शब्दात ‘च’चा उच्चार नसल्याने ‘स्ट्रिचनीन’ हे रूप चूक आहे. ‘स्ट्रिक्नीन’ लिहावे, नपुंसकलिंगी मानावे, आणि ‘स्ट्रिक्नीनचा’, ‘स्ट्रिक्नीनमुळे’ असे प्रत्यय लावावेत. प्रयोगशाळेच्या अहवालात हे द्रव्य सापडले असेल तरच बातमीत त्याचे नाव घ्यावे; केवळ बिया खाल्ल्याचे कळले असेल तर ‘कुचल्याच्या बिया’ म्हणावे. झाडाविषयी लिहिताना ‘काजरा’ हा आपला शब्द आधी वापरावा, आणि त्याची सामान्यरूपे ‘काजऱ्याचे झाड’, ‘काजऱ्याला’ अशी अर्ध्या ऱ्याने लिहावीत.