पट्टीला हात लावू नकोस

पुणे

प्रिय मुली,

काल फोनवर तू रडवेली झाली होतीस. पोटात डायलिसिसची नळी बसवलेल्या त्या पेशंटबाईंचा मुलगा म्हणतो, "चार दिवस झाले, पट्टी तीच. तुम्ही करता काय?" आणि तुला वाटायला लागलं की आपलंच चुकतंय.

नाही चुकत. हात लावू नकोस.

पट्टी कोरडी आहे, ताप नाही, दुखत नाही, तर पाच ते सात दिवस ती तशीच राहू दे. टेंकहॉफ या डॉक्टरने 1968 साली पीडीच्या, म्हणजे पोटातून होणाऱ्या डायलिसिसच्या, नळीला डेक्रॉनचे, म्हणजे कृत्रिम धाग्याचे, दोन कफ (पट्टे) दिले ते कशासाठी? त्यात शरीराचं मांस रुजतं आणि जंतूंची वाट बंद होते. रुजायला आठवडे लागतात. तू रोज पट्टी सोडलीस तर नळी रोज हलणार. भिजली, रक्त आलं, तर मात्र लगेच, मास्क आणि स्टराइल ग्लोव्हज घालून बदल. "बघू तरी आत कसं आहे" हे कारण होत नाही.

मी ते केलंय. हडपसरकडचे एक काका, ऑपरेशनचा तिसरा दिवस, दुसऱ्या दिवशी नरकचतुर्दशी. काकू म्हणाल्या, सणाला पट्टी तरी नवी घाला, सिस्टर. मला नाही म्हणवलं नाही. टेप काढताना नळीला हिसका बसला. काका नुसतं "स्स" म्हणाले. पुढे तिथून पू आला, तो नळीच्या वाटेने आत गेला आणि नळीच काढावी लागली. काका पुन्हा आठवड्यातून तीनदा हिमोडायलिसिसला, म्हणजे मशीनवर रक्त शुद्ध करून घ्यायला. त्यांची शुगर वाढलेली होती, डॉक्टरही तेच म्हणाले. असेलही. पण हिसका माझ्या हातचा होता. नंतर सगळे मला खडूस म्हणायचे; म्हणू दिलं.

आणि तुम्ही पोरी ऑपरेशननंतर जाग्या होता! आधी बाईंना साडीत बसवून, उभं करून, परकराची नाडी कुठे येते ते बघायला नको? नाडीच्या त्या काळ्या रेघेवर नळी आली की जन्मभर घासणार. नळी बाहेर येते त्या छिद्राचं तोंड खाली किंवा बाजूला हवं, वर असलं की घाम साचतो. चीर देण्याआधीचं अँटिबायोटिक गेलं का, हे फाइल बघून नव्हे, तोंडाने विचारायचं.

त्या मुलाशी भांडू नकोस, त्याला कामाला लाव. नळी पोटाला नीट चिकटलीय ना ते बघायचं, आईला आंघोळ न घालता अंग पुसून द्यायचं. हात धुवायला आत्तापासून शिकव. पुढे पीडी सुरू झाल्यावर निघालेलं पाणी गढूळ दिसलं, तर सकाळची वाट न बघता निघायचं, ती बॅग सोबत घेऊन.

सातव्या दिवशी पट्टी सोडशील तेव्हा कळव, वनाजहून मेट्रोने येते. खपली दिसेल. नखाने काढावीशी वाटेल. तिलाही हात लावू नकोस. मी हात मागे बांधून शेजारी उभी राहीन.

तुझी,
जुनी सिस्टर