‘आधी डॉक्टर हो, मग कुठेही जा’

पत्र : माझी मुलगी एकोणीस वर्षांची आहे. युद्धात सापडलेल्या माणसांसाठी काम करायचं, असं ती शाळेत असल्यापासून म्हणते. मी तिला सांगितलं, आधी डॉक्टर हो, मग कुठेही जा. डॉक्टर नसलेल्या माणसाचा तिथे काय उपयोग? मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेत दोनदा गुण कमी पडले. जीवशास्त्रात तिचं मन लागत नाही, गणित आणि भूगोल मात्र उत्तम आहे. हल्ली ती तो विषय काढत नाही. खोलीतल्या भिंतीवरचे नकाशेही तिने काढून ठेवलेत. ते खूळ गेलं असावं. तिसऱ्या प्रयत्नासाठी तिला कसं तयार करू?

उत्तर : नमस्कार. तुमच्या पत्रातल्या गुणांची मला काळजी वाटली नाही. काळजी वाटली ती नकाशांची. मुलीने नकाशे उतरवले हे तुम्ही मला चांगली बातमी म्हणून कळवलंत. मला ती तशी वाटत नाही. एकोणिसाव्या वर्षी, दोन अपयशांनंतर, मूल आपली आवडती गोष्ट स्वतःच्या हाताने भिंतीवरून काढतं, तेव्हा त्याचं खूळ गेलेलं नसतं. त्याविषयी घरात बोलणं गेलेलं असतं. ‘मी त्या लायकीची नाही’ हे तिने मनाशी धरलं असण्याची शक्यता मला जास्त दिसते, आणि त्याला तुम्ही घातलेली अट कारणीभूत आहे.

थोडं कडू बोलतो. तिला दुसऱ्यांचं दुःख सहन होत नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं. ती करुणाच तुम्ही ओलीस धरलीत. ‘डॉक्टर हो’ एवढंच म्हणाला असतात, तर तिने तुमच्याशी वाद घातला असता. ‘डॉक्टर झाली नाहीस तर त्या लोकांच्या काही कामाची नाहीस’ असं म्हटल्यावर वाद घालायला जागाच उरली नाही. आता प्रत्येक नापास निकाल तिला एवढंच सांगतो, की ज्यांच्यासाठी जीव तुटतो त्यांना तुझा उपयोग नाही. परीक्षेच्या गुणांवर एवढं ओझं कोणत्याच मुलीने का वाहावं?

आणि तुमची अट मुळात चुकीच्या समजुतीवर उभी आहे. युद्धग्रस्तांची मदत म्हणजे तंबू, स्ट्रेचर आणि डॉक्टर, असं बहुतेकांना वाटतं. पण या कामाची सुरुवात ज्याच्यापासून धरतात तो ऑन्री द्युनाँ डॉक्टर नव्हता, व्यापारी होता. २४ जून १८५९ रोजी उत्तर इटलीत सोल्फेरिनोची लढाई झाली आणि सुमारे चाळीस हजार सैनिक मेले किंवा जखमी झाले. द्युनाँ आपल्या धंद्याच्या कामासाठी तिथे पोहोचला होता. त्याने जवळच्या कास्तिल्योने गावातल्या बायकांना गोळा केलं, पाणी आणि पट्ट्या मिळवल्या, मरणाऱ्यांचे घरच्यांसाठीचे निरोप लिहून घेतले. पुढे १८६३ मध्ये जिनिव्हात जी समिती बसली आणि जिची आजची रेड क्रॉसची आंतरराष्ट्रीय समिती झाली, तिच्या पाच संस्थापकांपैकी डॉक्टर दोघेच होते. उरलेले तिघे म्हणजे एक वकील, एक सेनापती आणि हा व्यापारी.

आजही तेच आहे. येमेनमध्ये युद्धात पाण्याची आणि सांडपाण्याची व्यवस्था कोलमडली, कॉलरा पसरला आणि २०१७ च्या अखेरीस संशयित रुग्णांचा आकडा दहा लाखांवर गेला. डॉक्टर सलाईन लावत होते, ते लावायलाच हवं होतं. पण पंपाला डिझेल नसेल आणि नळाला घाण पाणी येत असेल, तर बरा होऊन घरी गेलेला मुलगा त्याच खाटेवर परत येतो. ती साखळी तोडणारा माणूस पाण्याचा अभियंता असतो. पूर्व युक्रेनमध्ये दोन्ही सैन्यांच्या मधोमध दोनेत्स्कचं जलशुद्धीकरण केंद्र वर्षानुवर्षं चालू ठेवलं गेलं. २०१८ मध्ये तिथल्या कर्मचाऱ्यांच्या बसवर गोळीबार झाला, माणसं जखमी झाली. अशा ठिकाणी पंप दुरुस्त करायचा तर पाना हातात घेण्याआधी दोन्ही बाजूंशी बोलून काही तासांची शांतता मिळवावी लागते. तशी शांतता मागायला कायद्याचा आधार आहे. १९४९ चा चौथा जिनिव्हा करार खास नागरिकांच्या संरक्षणासाठी झाला, आणि १९७७ च्या पहिल्या पूरक करारात पिण्याच्या पाण्याच्या यंत्रणेवर हल्ला करायला मनाई आहे. कायदा मोडला जातो, रोज मोडला जातो. तरी वाटाघाटीला बसणाऱ्याच्या हातात तोच असतो.

तुमची मुलगी गणितात चांगली आहे म्हणालात, म्हणून एक हिशेब तिच्यापुढे ठेवा. मदतकार्यात सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या स्फिअर मानकांनुसार माणशी दिवसाला किमान पंधरा लिटर पाणी, अडीचशे माणसांमागे एक नळ आणि वीस माणसांमागे एक शौचालय लागतं. वीस हजार माणसं एका रात्रीत सीमा ओलांडून आली, तर रोज तीन लाख लिटर पाणी, ऐंशी नळ आणि एक हजार शौचालयं हवीत. उतार कुठला, पाणी साचेल कुठे, रात्री बायकांना शौचालयापर्यंत किती अंधारातून जावं लागेल, हे सगळं नकाशावर ठरतं. तिने जे उतरवून ठेवलं आहे ना, त्याच्यावर.

दुसरी एक गोष्ट तिला आवडेल. कागदाची वा प्लास्टिकची एक अरुंद पट्टी असते, तिच्यावर लाल, पिवळा आणि हिरवा रंग. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाभोवती ती गुंडाळतात. घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत आला की पट्टी लाल दाखवते, म्हणजे मूल तीव्र कुपोषित आहे, लगेच उपचार हवेत. ती पट्टी वापरायला डॉक्टर लागत नाही. आयांना ती शिकवतात आणि त्या आपल्या मुलांचे दंड स्वतः मोजतात.

तसंच ताटातूट झालेल्यांचं. पहिल्या महायुद्धात जिनिव्हात युद्धकैद्यांची माहिती जुळवणारं कार्यालय होतं. तिथे सुमारे सत्तर लाख कार्डं भरली गेली. एका कार्डावर कैद्याचं नाव, दुसऱ्यावर त्याला शोधणाऱ्या आईची विचारणा. ही दोन कार्डं एकमेकांशेजारी आणणं हेच काम. आजही फोन बंद पडलेल्या भागांतून रेड क्रॉसचा कौटुंबिक निरोप जातो. तो उघडा कागद असतो, त्यात फक्त घरची खबरबात लिहायची, वाटेत कोणीही वाचू शकतो. तो पोहोचवणाऱ्याला चिकाटी आणि भाषा लागते.

आता तुम्ही पत्रात न लिहिलेल्या गोष्टीकडे येतो. तुम्हाला भीती वाटते. डॉक्टरकीच्या वर्षांत तिचं मन वळेल, निदान दवाखान्यात ती सुरक्षित राहील, असा तुमचा हिशेब असावा. भीती खरी आहे, मी ती खोडणार नाही. १९ ऑगस्ट २००३ रोजी बगदादमधल्या संयुक्त राष्ट्रांच्या कचेरीवर बॉम्बहल्ला झाला, बावीस माणसं गेली. ३ ऑक्टोबर २०१५ रोजी अफगाणिस्तानात कुंदूझच्या रुग्णालयावर अमेरिकेच्या विमानाने हल्ला केला. रुग्णालयाची जागा आधीच कळवलेली होती, तरी बेचाळीस जण मेले, त्यात डॉक्टर होते, परिचारक होते, रुग्ण होते. म्हणजे डॉक्टरचा कोट चिलखत नाही. मारल्या जाणाऱ्या मदतकर्मींत बहुसंख्य त्याच देशातले स्थानिक लोक असतात, हेही तिने जाणून घ्यावं. बाप म्हणून ‘मला तुझी भीती वाटते’ हे तिला सरळ सांगा. ते ऐकायचा तिला हक्क आहे. प्रवेशपरीक्षेआड लपवून सांगू नका.

तेव्हा तिसरा प्रयत्न नको, हे माझं स्पष्ट मत. तिने स्वतःहून मागितला तर गोष्ट वेगळी. स्थापत्य अभियांत्रिकी घेऊन पुढे पाणी आणि स्वच्छता, किंवा भूगोल घेऊन उपग्रह नकाशे, किंवा कायदा; यांच्या प्रवेशाची माहिती सहज मिळेल. संयुक्त राष्ट्रांची तरुणांसाठीची परीक्षा आहे, पण ती ठरावीक देशांच्या नागरिकांनाच देता येते आणि वयाची अट बत्तीस. तिच्यावर आयुष्य टांगून ठेवू नये. सुरुवातीलाच ‘मानवतावादी कार्य’ अशा नावाची पदवी घेऊ नये, असं मी आग्रहाने सांगतो. आधी हाताला एक धड काम येऊ दे. २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत मोठ्या प्रमाणात कापली, संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी माणसं कमी केली, अनुभवी लोक घरी बसले. ज्याला पंप बसवता येतो त्याला अशा काळातही कुठेतरी काम मिळतं. जोडीला फ्रेंच किंवा अरबी आजपासून सुरू करावी, त्याला वेळ लागतो.

एक अवघड गोष्ट मात्र तिच्याशीच बोलावी लागेल. या कामात ज्याने गाव जाळलं त्याच्यासमोर बसून, आवाज न चढवता, मदतीचे ट्रक सोडण्याची विनंती करावी लागते. तटस्थ राहायचं म्हणजे हेच. काही अतिशय भल्या माणसांना ते जमत नाही. त्यांनी पत्रकारिता करावी, खटले चालवावेत, तेही तितकंच गरजेचं काम आहे. तिचा पिंड कोणता, हे तुम्ही आणि मी ठरवू शकत नाही.

म्हणून तिसऱ्या प्रयत्नाचा अर्ज भरू नका आणि पुढचं पत्र तिला लिहू द्या. तिने काय लिहिलं ते विचारू नका. पाकीट तिचं तिलाच चिकटवू द्या.