वय ३८, दुकानात बसून काम. जिम लावली आणि डेडलिफ्ट (वाकून जमिनीवरचा रॉड उचलणं) मारताना कंबर धरली. दुखापत न होता व्यायाम कसा करायचा? की सोडूनच देऊ?

व्यायाम सोडू नका, वजन सोडा. निदान थोडे दिवस.

मी लहानपणी तालमीत घडलो, आता जुळे सोलापुरात एका जिममध्ये शिकवतो. लग्नसराई जवळ आली की तुमच्यासारखे बरेच जण येतात. वर्षानुवर्षं गल्ल्यावर बसलेला माणूस शेजारच्या बावीस वर्षांच्या पोराकडं बघून प्लेटा चढवतो, आणि गंमत म्हणजे ते वजन उचललंही जातं! कारण स्नायूंची ताकद लवकर वाढते. स्नायू हाडाला जोडणाऱ्या टेंडनना रक्तपुरवठा कमी, त्यांना तयार व्हायला महिने लागतात. म्हणून ‘आता जमायला लागलं’ असं वाटतं तेव्हाच जास्त जपायचं. आज ४० किलो नीट जमत असेल तर पुढची पायरी ४२.५, एकदम ५० नाही.

डेडलिफ्टचं म्हणाल तर आधी वाकायला शिका. घरात एखादी सरळ काठी असेल ती पाठीवर उभी धरा. डोक्याचा मागचा भाग, दोन खवाट्यांमधली जागा आणि माकडहाड, या तीन ठिकाणी ती टेकली पाहिजे. आता गुडघे किंचित सैल ठेवून ढुंगण मागं ढकलत वाका. दोन्ही हातांत पिशव्या असताना आपण मागचं दार लोटतो ना, तसं. तिन्हीपैकी एक जागा जरी सुटली तरी तिथंच थांबा, आज तुमचं वाकणं तेवढंच. दिवसभर बसणाऱ्यांची काठी बहुतेक वेळा माकडहाडापाशी सुटते, कारण कंबर गोल होते. हे जमल्याशिवाय रिकाम्या रॉडलाही हात लावू नका. ट्रेनर घाई करत असेल तर ट्रेनर बदला.

ट्रेडमिलवर मोबाईल बघत चालणं म्हणजे वॉर्मअप नव्हे. आमचे वस्ताद जोर-बैठका काढून घाम आल्याशिवाय मातीत उतरू देत नसत. जिममध्येही तेच: जो व्यायाम करायचा तोच आधी रिकाम्या रॉडनं, मग निम्म्या वजनानं. पाय ताणून धरून बसणं शेवटी ठेवा. आणि बीपी असेल तर वजन उचलताना श्वास कोंडू नका.

आपल्या गावाचं ऊन विसरू नका. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर जातो, आणि जिम पत्र्याखाली असेल तर संध्याकाळी सातलाही आत भट्टी असते. पहाटे जा, जाताना मीठ घातलेलं ताक पिऊन जा. उन्हाळा सुरू होताना पहिले एक-दोन आठवडे व्यायाम कमीच ठेवा, शरीराला सवय व्हायला तेवढे दिवस लागतात. कुणी असंबद्ध बोलायला लागला, झोक जायला लागला, तर पाणी पाजत बसू नका. अंगावर गार पाणी ओता, पंखा लावा, दवाखान्यात न्या.

पळायचं असेल तर सिमेंटच्या रस्त्यापेक्षा होम मैदानाची माती बरी. (गड्ड्याची जत्रा भरली की तिथं पाळणे लागतात, तेवढे दिवस सुट्टी.)

आता दुखण्याचं. व्यायामानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दोन्ही मांड्या भरून येतात, जिना उतरताना आई आठवते, ते चालतं. एकाच जागी टोचणारं, व्यायाम करतानाच उठणारं दुखणं चालत नाही. तिथं सेट अर्धा सोडायचा. लघवी चहासारखी काळपट झाली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

तुमच्या कंबरेसाठी अंथरूण धरू नका, घरात-दुकानात हिंडतं राहा. दुखणं गुडघ्याखाली उतरत असेल, मुंग्या येत असतील किंवा दोन आठवड्यांत उतार पडला नाही तर हाडांच्या डॉक्टरांकडं जा. पायात बळ वाटेना किंवा लघवीवर ताबा राहिला नाही, तर तातडीनं. आणि उसण भरली म्हणून पायाळू माणसाची लाथ खायला कुणी नेत असेल, तर प्रेमानं नको म्हणा.