निदान अर्ध्यावर सोडू नकोस

चि. डॉक्टर,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज आणि स्लाइडचे फोटो रात्रीच पाहिले. निपाणीच्या वखारीत तंबाखू निवडणारी बाई. किती महिने लोहाच्या गोळ्या घेतेय, तरी हिमोग्लोबिन वर चढेना. संडास काळी होते हे तिने सांगितलं होतं, पण गोळ्यांनी होतंच तसं म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. शेवटी एंडोस्कोपीत जठरात गाठ दिसली आणि सर्जननी ती अखंड काढली, छान काढली. आता ६ सेंटीमीटरची ती गाठ तुझ्या पॅथॉलॉजीच्या टेबलावर आहे, स्लाइडवर लांबुळक्या पेशी आहेत, आणि सर्जन म्हणतात, ‘लियोमायोमा (स्नायूची साधी गाठ) लिहून मोकळी हो, गाठ तर निघालीच आहे.’ मार्करचा, म्हणजे पेशींमधली ठरावीक प्रथिनं रंगवून गाठीची जात ओळखायच्या तपासणीचा, आग्रह धरू का, असं तू विचारतेस.

धर. निदान अर्ध्यावर सोडू नकोस.

जठराच्या भिंतीतल्या अशा गाठी नुसत्या गुलाबी-जांभळ्या स्लाइडवर सख्ख्या बहिणींसारख्या दिसतात. लियोमायोमा असेल तर बाई बरी झाली. श्वानोमा, म्हणजे नसेच्या आवरणाची साधी गाठ, असेल तरी जवळपास तेच. पण जिस्ट, म्हणजे पचनमार्गाच्या भिंतीतली, पुढे पसरू शकणारी गाठ, असेल तर पुढची सगळी वाट बदलते. १९९८ साली जपानमध्ये हिरोता आणि सहकाऱ्यांनी या गाठींच्या किट जीनमधला बिघाड दाखवला. तोवर बहुतेक ठिकाणी यांना लियोमायोमा नाहीतर लियोमायोसार्कोमा (स्नायूचा कॅन्सर) म्हणत, आणि पसरलेल्या रोगावर नेहमीची केमोथेरपी देऊन हात टेकत. २००० साली फिनलंडमध्ये अशाच पसरलेल्या गाठीच्या एका रुग्ण बाईला इमॅटिनिब, म्हणजे हा बिघाड रोखणारी गोळी, दिली आणि गाठी आकसल्या. त्याआधीची माणसं आठवली की मला अजून चुटपुट लागते. तेव्हा औषधच नव्हतं, त्याला कुणाचा इलाज नाही. आज ते आहे, जेनेरिक मिळतं, आणि तरीही आपण नुसतं ‘स्पिंडल सेल ट्यूमर’, म्हणजे लांबुळक्या पेशींची गाठ, एवढंच लिहून पाठवायचं?

पैशाचं म्हणतेस. बाईला विचारलंस का? की तिचं लुगडं बघून तूच ठरवलंस? दहा मार्करचं पॅनेल लावू नकोस. आधी जिस्ट ओळखणारे सीडी ११७ आणि डॉग-१, एवढेच. दोन्ही निगेटिव्ह आले तर लियोमायोमासाठी डेस्मिन आणि श्वानोमासाठी एस-१००. घरच्यांना बसवून मराठीत सांग की हा खर्च कशासाठी आहे आणि त्याने काय ठरणार आहे. वखारीत राबणारी माणसं व्यवहार आपल्यापेक्षा लवकर ओळखतात.

जिस्ट निघाली तरी तिथे थांबू नकोस. मायटोसिस, म्हणजे विभागत असलेल्या पेशी, मोज, आणि नीट मोज. पाच चौरस मिलिमीटर जागेत मोजायच्या असतात. जुन्या सूक्ष्मदर्शकात त्याला पन्नास फील्ड (भिंगातून एका वेळी दिसणारी जागा) लागत, तुझ्या नव्या मोठ्या आयपीसमध्ये वीस-पंचवीसच भरतात. पन्नास फील्ड मोजत बसलीस तर आकडा फुगेल. जठरातली ६ सेंटीमीटरची गाठ आणि मायटोसिस पाचपर्यंत, तर परत उलटण्याचा धोका कमी. पाचच्या वर गेल्या तर धोका मोठा, आणि मग इमॅटिनिबची ४०० मिलिग्रॅमची गोळी रोज, तीन वर्षं. तीच गाठ लहान आतड्यात असती तर हिशेब आणखी कडक झाला असता. म्हणून जागा, माप, मायटोसिस आणि गाठ फुटली होती का, हे चारही रिपोर्टात लिही. गोळी द्यायची ठरली तर म्युटेशनची तपासणीही सुचव, कारण पीडीजीएफआरए जीनमधल्या एका बदलावर इमॅटिनिब चालत नाही.

आणि बरणीचं बघ. आपल्या भागात गाठ अजूनही अरुंद तोंडाच्या बरणीत कोंबून येते, वर बोटभर फॉर्मॅलिन. नातेवाईक ती पिशवीत घालून एसटीने आणतात. तोवर आतला भाग मऊ पडून गेलेला असतो, मग मार्कर काय बोलणार? तुझ्या ऑपरेशन थिएटरवाल्यांना रुंद तोंडाचे डबे दे. गाठीच्या दहा पट फॉर्मॅलिन घालायला सांग. मोठी गाठ असेल तर पोचल्याबरोबर काप दे. हे काम शिपायावर सोडायचं नाही.

मला लोक हेकट म्हणतात ते ब्लॉकवरून, म्हणजे मेणात बसवून जपलेल्या गाठीच्या तुकड्यांवरून. नोकरीच्या सुरुवातीला मी ज्या लॅबमध्ये होते तिथे जागा बदलताना जुन्या ब्लॉकची कपाटं रद्दीत काढली. पुढे यकृतात गाठी घेऊन माणसं परत आली, तेव्हा पहिल्या गाठीचा मेणातला तुकडासुद्धा शिल्लक नव्हता. तेव्हापासून माझ्याकडचा ब्लॉक मागितला की मी देतेच, सही घेऊन देते. मॅनेजरशी भांडले, पण सोडलं नाही, आणि त्यात मी बरोबरच होते. आपली माणसं एका दवाखान्यात टिकत नाहीत. बेळगावात ऑपरेशन, मिरजेत दुसरं मत, शेवटी परळला टाटा. कर्नाटकची सरकारी उपचार योजना वेगळी, महाराष्ट्राची वेगळी, पण बायॉप्सीचा रिपोर्ट दोन्हीकडे मागतात, आणि टाटामध्ये ब्लॉक नि स्लाइडही. अर्धं निदान घेऊन तिने सीमेच्या अल्याडपल्याड किती खेपा घालायच्या?

सर्जनच्या रागाची काळजी करू नकोस. चिठ्ठी पाठवू नकोस, समोर जा. सोबत स्लाइड ने, दोन डोक्यांच्या सूक्ष्मदर्शकाखाली त्यांनाच दाखव. गाठ अखंड काढलीत त्याचा बाईला फायदा झाला, हे आधी सांग, कारण ते खरं आहे. मग मार्करसाठी चार दिवस माग. तोवर रिपोर्टावर लियोमायोमा लिहायचं नाही, फोनवरही बोलायचं नाही. मार्कर आले की स्लाइड माझ्याकडे पाठव, मायटोसिस मीही मोजते.