बाबा कुणावरच विश्वास ठेवत नाहीत, तरी फसले कसे?

हा प्रश्न माझ्याकडे इतक्या वेळा येतो की आता एकदा सविस्तर लिहूनच टाकते. विचारणारी बहुतेक वेळा मुलगी असते, कधी सून. "मॅडम, आमचे बाबा रिक्षावाल्याकडून सुट्टे पैसे पण दोनदा मोजून घेतात, त्यांनी अनोळखी माणसाला 19 लाख कसे पाठवले?" हा आकडा गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका काकांचा आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत आणि लिहायची परवानगी त्यांनीच दिलीय, वर "लिही गो बाय, बाकीच्यांना तरी कळूंदे" असं म्हणाले.

काका माझ्याकडे समुपदेशनाला आले ते पैशांसाठी नाही, झोप लागत नाही म्हणून. मुलगी घेऊन आली होती. बीपीच्या डॉक्टरने गोळी बदलून दिली होती तरी रात्री दोन-अडीचला उठून पडवीत येरझाऱ्या. पहिल्या भेटीत अर्धा तास ते फक्त जगावर वैतागले. पेपरवाले विकले गेलेत, टीव्हीवाले त्याहून, बँका चोर, सरकार तर काय बोलायलाच नको. आणि या वैतागामागे कारणं होती हो, उगाच बडबड नव्हती. त्यांचे खनिजाचे दोन ट्रक होते. 2012 च्या सप्टेंबरात गोव्यातलं मायनिंग थांबलं, मग सुप्रीम कोर्टाची बंदी आली, मध्ये थोडं सुरू झालं आणि खाणींची लीज रद्द झाल्याने 2018 च्या मार्चमध्ये परत बंद. इतकी वर्षं पेपरात "लवकरच सुरू होणार" वाचत वाचत ट्रक आंब्याखाली गंजले, हप्ते मात्र चालूच. असा माणूस बातमीवर विश्वास ठेवेल कशाला? 2016 ला 251 रुपयांत स्मार्टफोन मिळणार अशी ती प्रसिद्ध बातमी आली तेव्हा बुकिंग करणाऱ्या वाड्यावरच्या पोरांना यांनीच वेड्यात काढलं होतं, हे मुलीने मुद्दाम सांगितलं.

तर असा माणूस फसला कसा. मला जे दिसतं ते सांगते. सगळेच चोर असं एकदा मनात पक्कं झालं की मग कोण खरं कोण खोटं हे तपासायचं कामच संपतं. शेअर बाजारावर लक्ष ठेवणारी सेबी पण चोर, अमकं पण चोर, मग सेबीच्या साइटवर जाऊन बघायचं कशाला? आणि तेवढ्यात कुणीतरी येऊन म्हणतो की हो काका, हे मोठे लोक तुम्हाला कायम लुटत आलेत, आम्ही तुम्हाला आतली बातमी देतो. तो लगेच आपला माणूस वाटतो, कारण तो आपल्याच रागात सूर मिसळतो. संशयी माणसाला फसवायला भाबडेपणा लागत नाही, त्याच्या संशयाशी सहमत झालं की झालं.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर शेअरच्या टिप्स देणारा एक "प्रोफेसर" होता, रोज सकाळी चार्ट टाकायचा. ग्रुपमधले बाकीचे "थँक्यू सर, आज 40 हजार प्रॉफिट" म्हणून स्क्रीनशॉट टाकायचे, ते बहुतेक सगळे त्याच टोळीचे नंबर असतात. गणेश चवथीला काकांना त्याच्या फोनवर शुभेच्छा. वाढदिवसाला फोन. गल्फमधल्या मुलाला त्या दिवशी फोन करायला जमलं नव्हतं, हे काकांनी सांगितलं आणि मग विषय बदलला. मी ते वहीत लिहून ठेवलं, कारण पुढचं सगळं मला तिथूनच कळत गेलं.

दुसऱ्या भेटीला काका एक फाइल घेऊन आले. आत सेबीच्या रजिस्ट्रेशनचं सर्टिफिकेट, चक्क लॅमिनेट केलेलं. नंबर खराच होता, पण तो एका दुसऱ्याच, खऱ्या ब्रोकरचा, टोळीने उचललेला. सोबत शाळेची दोनशे पानी वही, त्यात हिरव्या शाईने तारीख, रक्कम, कुणाच्या खात्यात. मी ती पानं त्यांनाच मोठ्याने वाचायला लावली. एक खातं कुठल्यातरी ट्रेडर्सचं, दुसरं एंटरप्रायझेसचं, तिसरं फर्निचरवाल्याचं, प्रत्येक वेळी वेगळं राज्य. चौथ्या नावाला काका थांबले. "ब्रोकर फर्निचर कित्याक (कशाला) विकता?" असं स्वतःशीच म्हणाले. मी काहीच बोलले नाही.

आता यात कोर्टाची भानगड कुठून आली ते बघा, कारण मुख्य आमिष तेच होतं. एक छोटी टेक कंपनी, तिने म्हणे अमेरिकेतल्या एका बड्या कंपनीवर एआयच्या पेटंटसाठी हजारो कोटींची केस टाकलीय, केस जिंकली की शेअर वीसपट, आणि तो शेअर बाहेर मिळत नाही, फक्त आमच्या अ‍ॅपवर "इन्स्टिट्यूशनल कोटा" मध्ये मिळतो. पुराव्याला इंग्रजी बातमीचा स्क्रीनशॉट. काकांना पटलं कारण बडा छोट्याला लुटतो आणि छोटा कोर्टात जातो ही त्यांच्या मनातलीच गोष्ट होती.

मी एवढंच विचारलं की काका, तुमची ती कुळाची केस, मामलेदाराकडे अर्ज दिला त्या दिवशी जमीन तुमची झाली का? ते हसले, पहिल्यांदाच. अर्ज वडिलांनी केला होता, निकाल यांच्या हातात पडला तोपर्यंत केस पिकले. तारखा, वकील बदलले, फाइल सापडत नाही, सगळं माहीत असलेला माणूस. कोर्टाच्या बाबतीत मला त्यांना काही शिकवायची गरजच नव्हती, फक्त त्यांचंच ज्ञान त्या स्क्रीनशॉटशेजारी ठेवायचं होतं.

जावई आयटीत आहे, पुढच्या वेळी तो पण आला आणि त्याने एक खरी गोष्ट सांगितली. 2003 च्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या एससीओ नावाच्या कंपनीने आयबीएमवर केस टाकली, आमच्या युनिक्स या कॉम्प्युटर सिस्टिमचा कोड तुम्ही लिनक्स या फुकट मिळणाऱ्या सिस्टिममध्ये घातला म्हणून, मागणी एक अब्ज डॉलरची, ती नंतर पाच अब्जांवर गेली. वर दीड हजार मोठ्या कंपन्यांना पत्रं, लिनक्स वापराल तर जबाबदार धरू. मग 699 डॉलरचं लायसन्स काढलं. एक-दोन डॉलरच्या आसपास रेंगाळणारा त्यांचा शेअर त्याच वर्षी 20 च्या वर गेला, निकाल लागलेला नसताना, निव्वळ केस टाकली या बातमीवर. 2007 च्या ऑगस्टमध्ये कोर्ट म्हणालं की युनिक्सचे कॉपीराइट तुमचे नाहीतच, नोव्हेल नावाच्या दुसऱ्या कंपनीचे आहेत, आणि पुढच्याच महिन्यात कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. आयबीएमबरोबरचं भांडण मिटलं ते 2021 ला, सव्वाचौदा दशलक्ष डॉलरच्या तडजोडीवर. याला मी स्कॅम म्हणणार नाही, कोर्टात जायचा हक्क प्रत्येकाला आहे. पण 20 डॉलरला शेअर घेऊन बसलेल्याचं काय झालं असेल ते काकांना न सांगता कळलं. "म्हणजे आमच्या कुळाच्या केशीवर शेअर काढला असता तर" असं म्हणून ते परत हसले.

आपल्याकडे पण बातमीवर शेअर फुगवायचा धंदा जुनाच आहे, आता फक्त व्हिडिओ आले. 2023 च्या मार्चमध्ये सेबीने साधना ब्रॉडकास्ट नावाच्या कंपनीच्या प्रकरणात ऑर्डर काढली, यूट्यूबवर खोटे व्हिडिओ टाकून भाव चढवला आणि हातातला माल लोकांच्या गळ्यात मारला असा तो प्रकार. आणि 2024 मध्ये एनएसई या शेअर बाजाराच्या प्रमुखांचेच डीपफेक (एआयने बनवलेले खोटे) व्हिडिओ फिरत होते टिप्स देताना, एक्स्चेंजला जाहीर करावं लागलं की हे आमचे साहेब नव्हेत.

"पण अ‍ॅपवर 61 लाख दिसतात ते?" हा काकांचा शेवटचा आधार होता. दिसतात, कारण तो आकडा टोळीनेच तिथे टाकलाय. खरा शेअर आपल्या पॅनवर घेतला असेल तर तो सीडीएसएल किंवा एनएसडीएल या शेअर सांभाळणाऱ्या संस्थांकडे असतो, आणि त्यांच्याकडून ईमेलवर एकत्रित स्टेटमेंट येतं. काकांचं जुनं डिमॅट (शेअर ठेवायचं खातं) होतं बँकेतलं, मुलीने मेल उघडला, त्यात बँकेचे 50 शेअर आणि एक म्युच्युअल फंड, बाकी काही नाही. काका बराच वेळ ते स्टेटमेंट वरखाली सरकवत राहिले.

मग झोपेचं खरं कारण बाहेर आलं. पैसे काढायला गेले तेव्हा प्रोफेसर म्हणाला आधी 20 टक्के टॅक्स आमच्याकडे भरा. (शेअरच्या नफ्यावरचा टॅक्स तुम्ही इन्कम टॅक्सला भरता, ब्रोकरच्या खात्यात पाठवून पैसे सोडवायचे असतात असं काही नसतं, पण 20 हा आकडा शॉर्ट टर्मच्या, म्हणजे थोड्या काळात विकलेल्या शेअरच्या, खऱ्या रेटशी जुळतो म्हणून लोकांना पटतं.) काकांनी नाही म्हटल्यावर व्हॉट्सअ‍ॅपवर शिक्क्याची नोटीस, मनी लाँड्रिंगची केस, अटक वॉरंट, कुणाला सांगाल तर अजून कलमं लागतील. घरात हे कुणालाच माहीत नव्हतं. अशा फोनवरच्या अटकेला ते डिजिटल अरेस्ट म्हणतात, पण त्या नावाचं आपल्या कायद्यात काही नाही, आणि चौकशीला हजर राहायची पोलिसांची नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर बजावायची नाही असं सुप्रीम कोर्टाने 2025 च्या जानेवारीत सांगितलंय, हे मी त्यांना प्रिंट काढून दिलं. तोंडी सांगून त्या अवस्थेत डोक्यात जात नाही, कागद हातात असला की रात्री दोनला पण वाचता येतो.

मुलीशी मी वेगळी बोलले. ती दीड महिना रोज एकच म्हणत होती, "तुम्हाला एवढं पण कळत नाही?" तिचं दुःख मला समजतं, गेलेले पैसे जमिनीचे होते आणि त्यात तिच्या मुलाचं पण शिक्षण होतं. पण या वाक्यानंतर बाबा काय करतात, तर खोलीत जाऊन ग्रुपवरच्या माणसाला मेसेज करतात, कारण तो त्यांना "सर" म्हणतो. आणि तो म्हणतो घरच्यांना आत्ता सांगू नका, सरप्राइज द्या. माझ्या मते घरातला हा एक टोमणा बंद होणं बाकी सगळ्या उपायांआधी लागतं, नाहीतर माणूस पुढचा हप्ता गुपचूप भरतो.

घरचं कुणी अजून अशा अ‍ॅपमध्ये असेल तर फोन हिसकावू नका. त्यांना म्हणा, बरं, आज सगळे पैसे काढून बघूया, उद्या परत टाका. थोडे काढून उपयोग नाही, पाच-दहा हजार ते मुद्दाम देतात विश्वास बसायला. सगळे मागितले की टॅक्स, चार्जेस, व्हेरिफिकेशन सुरू होतं आणि मग माणूस स्वतःच बघतो काय ते.

पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, खरंच लगेच, कारण पैसे एका खात्यातून पुढच्या खात्यात पळत असतात आणि मध्ये जिथे सापडतील तिथेच होल्ड लागतो. मग ऑनलाइन तक्रार, आणि गोव्यात रायबंदरला सायबर पोलीस ठाणं आहे. काकांनी तक्रार करेपर्यंत महिने गेले होते, त्यामुळे दोन खात्यांत मिळून सव्वा लाख अडकवता आले, ते सुटायला कोर्टाची ऑर्डर लागेल. बाकीचे गेले असंच धरून आम्ही पुढचं बोलतोय.

तक्रारीनंतर काही दिवसांनी त्यांना एका "वकिलाचा" फोन आला, त्या अ‍ॅपवर सगळ्या फसलेल्यांची मिळून केस टाकतोय, पूर्ण रक्कम परत, फक्त कोर्ट फी 35 हजार आगाऊ. फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात, त्यामुळे हा दुसरा फोन बऱ्याच जणांना येतो. काकांनी त्याला बार कौन्सिलचा नंबर विचारला, कुठल्या कोर्टात, केस नंबर काय, मग म्हणाले पणजीला येतो, ऑफिसचा पत्ता दे. त्याने फोन ठेवला. काकांनी नंबर हिरव्या शाईत वहीत उतरवला आणि मुलीला तिच्या ऑफिसात फोन करून सांगितलं.

झोप अजून पूर्ण सुधारलेली नाही. बांबोळीच्या आयपीएचबी या मानसोपचार रुग्णालयात दाखवलंय, गोळी चालू आहे, आणि रात्री फार घाबरल्यासारखं झालं तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 त्यांच्या फोनमध्ये मुलीच्या नंबरखाली सेव्ह केलाय.