मुलाखतीतली बासरी काढा, खोली ऐकू द्या

लालबागच्या चाळीतल्या खोलीत मुलाखत घेतलीत, १९८२च्या गिरणी संपाबद्दल बोलताना आजोबांचा कंठ दाटतो, खाली बासरीही लावली, तरी बघणारा कोरडाच राहतो, असं तुम्ही लिहिलंय. माझ्या मते बासरीच आड येतेय. आजोबा थांबायच्या आधीच ती रडायला लागते. ती काढा आणि ते गप्प होतात तिथे तीन-चार सेकंद नुसती खोली ऐकू द्या.

त्यासाठी खोलीचा आवाज हाताशी हवा. बोलणं संपल्यावर सगळ्यांनी गप्प बसून, माइक न हलवता, निदान एक मिनिट रेकॉर्ड करायचं. तो नसेल आणि ट्रॅक रिकामा सोडलात, तर स्पीकर बंद पडल्यासारखं वाटतं. पंखा, फ्रिज बंद. पंख्याची घरघर प्रत्येक कटला उडी मारते, आणि साफ करायला गेलं की आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. (फ्रिजमध्ये स्वतःच्या घराची किल्ली ठेवा, म्हणजे निघताना तो चालू करायची आठवण राहील. त्यांचं दूध नासायला नको.) कुकरची शिट्टी, गॅलरीतल्या चपला, लोकलचा भोंगा वेगळे घ्या; बोलण्याखाली चिकटले तर एडिटमध्ये हलवता येत नाहीत.

लेपल माइक (कपड्याला अडकवायचा छोटा माइक) हनुवटीखाली वीतभर, आणि आवाज सगळ्यात मोठा होतो तिथे मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास. पण गहिवरला की माणसाचा हात छातीवर जातो आणि नेमक्या त्याच वाक्यावर धप्प होतं. म्हणून डोक्यावर बूम, म्हणजे लांब दांडीवरचा माइक, हवाच.

उजेडाचं सोपं आहे. खिडकी एका बाजूला घ्या, ट्यूब बंद करा. छोट्या खोलीत ऑइल पेंटच्या भिंती उजेड परत फेकतात आणि चेहरा सपाट होतो. सावलीच्या बाजूला, फ्रेमच्या जेमतेम बाहेर, काळी चादर टांगा. त्या बाजूचा डोळा अगदीच बुडाला तर चादर थोडी मागे घ्या. उजेड परत फेकायला थर्माकोल लगेच नको. ट्यूब लावावीच लागली तर कॅमेऱ्याचं शटर १/५० किंवा १/१०० सेकंद. आपली वीज ५० हर्ट्झची, १/६०वर पट्टे सरकताना दिसतात. व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याचं रंग जुळवायचं सेटिंग) लॉक करा, नाहीतर ढग आला की वाक्याच्या मधेच चेहऱ्याचा रंग बदलतो.

बासरी हवीच असेल तर पुढच्या शॉटवर, गिरणीची चिमणी दिसल्यावर सुरू करा. बासरी चालू असताना पुन्हा बोलणं आलं, की ती बोलण्याच्या आवाजापेक्षा १८-२० डेसिबल खाली.